हॉकीत करिअर करायचं असेल तर दुखणं अंगावर काढू नका

हॉकीतली दुखापत म्हटलं की घरच्यांना बॉल लागणं आठवतं. 156 ते 163 ग्रॅमचा तो टणक बॉल बोट मोडू शकतो, दात पाडू शकतो, हे खरंच आहे. पण मोडलेलं बोट बहुतेक वेळा नीट जुळतं. तिशी-पस्तिशीत उठता-बसता त्रास देतात ती वेगळीच दुखणी, आणि त्यांची सुरुवात बऱ्याचदा सोळाव्या-सतराव्या वर्षी झालेली असते: निवड चाचणी तोंडावर आली म्हणून लपवलेली कंबर, शिबिर चुकू नये म्हणून अर्धवट बरा केलेला गुडघा. ठाणे-नवी मुंबईतून हा खेळ गंभीरपणे घेणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहोत.

सगळ्यात आधी कंबर. स्टिकच्या सपाट बाजूनेच बॉल खेळायचा हा नियम आहे आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. डावा हात वर, उजवा खाली, बॉल उजव्या पायापुढे. म्हणजे पाठ सतत वाकलेली आणि वर्षानुवर्षं एकाच दिशेने पिळलेली. ड्रॅग-फ्लिकमध्ये, म्हणजे बॉल स्टिकला लावून ओढत नेऊन गोलकडे भिरकावण्यात, हा पीळ टोकाला जातो. डावा पाय लांब पुढे रोवायचा, अंग जमिनीलगत न्यायचं आणि नितंबापासून खांद्यापर्यंत सगळं एका झटक्यात फिरवायचं, तेव्हा बॉल ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. त्या झटक्याचा भार कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्यांवर येतो. वाढत्या वयात तिथल्या हाडाच्या अरुंद भागाला केसासारखी चीर पडू शकते.

ती ओळखायची खूण अशी: दुखणं कमरेत खाली, बहुधा एकाच बाजूला, पुढे वाकताना फारसं नाही, पण एका पायावर उभं राहून मागे झुकलं की कळ येते. उसण भरली म्हणून तेल चोळत बसू नका. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर क्रीडावैद्यक किंवा अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. साध्या एक्स-रेत ही चीर अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा. वेळेत सापडली तर साधारण तीन महिने धावणं आणि फ्लिक बंद ठेवून ती भरून येऊ शकते. तसंच खेळत राहिलात आणि दोन्ही बाजूंना चीर गेली, तर मणका पुढे सरकण्याचा धोका असतो. मग ती कंबर जन्माची सोबत करते. अठराच्या आतल्या मुलांनी आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस आणि एका सरावात पंचवीस-तीसपेक्षा जास्त ड्रॅग-फ्लिक मारू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. वहीत आकडा लिहा. अंदाजाने मोजलं की तो हमखास वाढतो.

कंबरेच्या शेजारीच जांघ. खोल वाकून केलेल्या सततच्या सरावाने खुब्याच्या गोळ्याजवळचं हाड जाड होतं आणि वाकताना आत चिमटा बसतो. मांडी घालून बसताना किंवा रिक्षातून उतरताना जांघेत टोचलं तर हाच संशय घ्या. इथे बहुतेक जण चुकतात: जांघ आखडली आहे असं समजून ती आणखी ताणतात, आणि सांध्याच्या आतली कडा फाटत जाते. ताणणं थांबवा आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद वाढवा.

गुडघ्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त बिकट आहे, कारण बरीच मुलं शाळेच्या मातीवर शिकतात आणि टर्फसाठी, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानासाठी, चर्चगेट गाठतात. मातीवर पाय थोडा घसरतो. टर्फवर तो रोवला जातो, अंग वळतं आणि पीळ गुडघ्यात शिरतो. फुटबॉलचे लांब स्टडवाले बूट टर्फवर घालूच नका. आखूड रबरी दाण्यांचे टर्फ शूज घ्या. माती सोडून टर्फवर जाताना पहिले दोन-तीन आठवडे अचानक वळण्याचे ड्रिल निम्मे ठेवा. आठवड्यातून दोनदा नॉर्डिक करा: गुडघ्यांवर बसा, कुणाला तरी घोटे धरायला सांगा आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका. सुरुवातीला पाच-पाचचे दोन सेट पुरतात. मांडीमागचा स्नायू वाचवायला यापेक्षा चांगला व्यायाम आम्हाला माहीत नाही.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटलं आणि शस्त्रक्रिया झाली, तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतू नका. त्यानंतरही दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के हवी. गोलरक्षक श्रीजेश 2017 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बरेच महिने बाहेर होता. परत येऊन त्याने टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिक दोन्हीकडे कांस्यपदक मिळवलं. पूर्ण बरं होऊन परतलं की करिअर संपत नाही. मात्र अशा गुडघ्याची झीज लवकर सुरू होते. खेळ सुटल्यावर वजन वाढलं की ती आणखी वेगाने होते.

डोक्याबाबत तडजोड नको. पेनल्टी कॉर्नरवर थेट हिट मारला तर बॉल गोलच्या 460 मिलिमीटरच्या फळीच्या उंचीतच जावा लागतो, फ्लिकला मात्र ती मर्यादा नाही. म्हणून धावत समोर जाणाऱ्या पहिल्या रशरला मास्क, गुडघ्याचं पॅड आणि हातमोजा हवेतच, माउथगार्ड सगळ्यांनाच. डोक्याला मार बसून गरगरलं, उलटी झाली किंवा स्कोअर आठवेना, तर त्या दिवशीचा खेळ संपला. परतताना हलकं चालणं, धावणं, स्टिकवर्क, धक्का न लागणारा सराव, पूर्ण सराव, सामना अशा पायऱ्या घ्या. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्या. लक्षणं परत दिसली तर एक पायरी मागे या.

पेनकिलर खाऊन सामना खेळण्याची सवय फार वाईट. मे महिन्याच्या दमट दुपारी घाम गाळलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखणं कळत नसल्याने जखम वाढते. सरावाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. सरावानंतर लगेच लोकल पकडून तासभर आखडून बसू नका. आधी दहा मिनिटं चाला, आणि किटबॅग दोन्ही खांद्यांवर घ्या.

खेळाडू कोट्यातून रेल्वे किंवा बँकेत लागलात तर तिथेही वैद्यकीय तपासणी असते. एमआरआयच्या सीडी, शस्त्रक्रियेचे कागद, फिजिओच्या नोंदी यांची तारखेप्रमाणे फाइल ठेवा आणि मोबाइलवर प्रती काढा. संघ किंवा क्लब बदलताना मूळ कागद तिथे अडकवून येऊ नका. क्लबचा विमा असेल तर तो फक्त सामन्यापुरता आहे की सरावालाही लागू आहे, हे सही करण्याआधी विचारा. नुसता सामन्यापुरता असेल तर स्वतःची पॉलिसी घ्या, कारण अंगाचा बराचसा भार सरावातच पडतो.