परसातलं लिंबू कधी तोडायचं?
सोलापूरच्या उन्हात सरबताची आठवण झाली की हात आधी परसातल्या कागदी लिंबाकडे जातो. पण घाई नको. फुलापासून फळ तयार व्हायला साधारण ५ ते ६ महिने लागतात. गर्द हिरवा रंग फिकट पोपटी व्हायला लागला, साल गुळगुळीत, तकतकीत दिसली, की फळ हातात धरून बघा. आकाराच्या मानाने जड लागलं आणि दाबल्यावर किंचित दबलं, तर रस भरलाय. पूर्ण पिवळं होईपर्यंत थांबायची गरज नाही. शंका असेल तर आधी एकच तोडून कापून पाहा, कारण तोडलेलं लिंबू घरात पिवळं होतं, रस मात्र वाढत नाही. आणि ओढून तोडू नका, सालीला इजा होते. थोडा देठ ठेवून कात्रीने कापा.