वायफायवरच्या ऑटोमेशनमध्ये टाईम गंडतोय? या चुका टाळा

शेतातल्या ठिबकचे व्हॉल्व्ह आणि मोटर मी ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर टाकलेत. एकदा रात्री अडीचला लाईट आली आणि मोटर आपोआप चालू, शेड्यूल तर सकाळी साडेपाचचं. रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटला असेल म्हणून बदलला, पुन्हा तेच. शेवटी लॉग उघडला तर पहिलीच ओळ: १ जानेवारी १९७०, ५:३०.

होतं काय, लाईट आली की बोर्ड सेकंदात उठतो, राउटरला मात्र दोनेक मिनिटं लागतात, तोवर एनटीपीकडून (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) टाईम येत नाही आणि बोर्ड शून्यापासून मोजायला लागतो. शून्य म्हणजे १ जानेवारी १९७० ची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे नेमके पहाटेचे साडेपाच! म्हणून वर्ष २०२४ च्या आधीचं दिसलं तर एकही शेड्यूल चालवायचं नाही, ही अट पहिली टाका. सोबत सेलवाला डीएस३२३१ (लाईट गेली तरी चालणारं घड्याळ मॉड्यूल) लावा, तो वर्षाला साधारण मिनिटभरच चुकतो. त्यात यूटीसीच ठेवा, नाहीतर १९८०० सेकंद दोनदा मिळवले जातात आणि घड्याळ साडेपाच तास पुढे पळतं.

दुसरी चूक, मोटर किती वेळ चालली हे घड्याळावरून मोजणं. मधेच एनटीपी आलं की घड्याळ उडी मारतं आणि हिशोब बोंबलतो. कालावधी कायम मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वापरूनच मोजा.

एकदा सिंक केलं की झालं, असंही नाही. बोर्डाचं घड्याळ चालवणारा २० पीपीएमचा (दहा लाखात २० चुकणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतो, आणि डीप स्लीपमध्ये (वीज वाचवायला बोर्ड झोपवला की) क्रिस्टलपेक्षा ढोबळ असा आतला आरसी ऑसिलेटर वापरला तर विचारूच नका.

आता वायफायची खरी गोची. एनटीपी असं धरून चालतं की जाताना आणि येताना सारखाच वेळ लागतो. पण बोर्डाचा पॉवर सेव्ह, म्हणजे वायफाय स्लीप, चालू असेल तर आपली विनंती लगेच जाते आणि उत्तर मात्र राउटर पुढच्या बीकनपर्यंत (राउटर ठराविक वेळाने सोडतो तो सिग्नल) धरून ठेवतो, बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी, म्हणजे नुसत्या तेवढ्यानेच घड्याळ ५० मिलिसेकंदांपर्यंत चुकू शकतं. सिंकपुरता वायफाय स्लीप बंद करा, सात-आठ वेळा विचारा आणि ज्याची फेरी सगळ्यात कमी वेळात झाली तेच उत्तर घ्या. घरासाठी, पंपासाठी एवढं भरपूर झालं.

कारखान्यात दोन मशीन मायक्रोसेकंदात जुळवायची असतील तर साध्या वायफायवर सॉफ्टवेअर पीटीपी (एनटीपीपेक्षा बारीक वेळ जुळवायची पद्धत) चालवून वेळ घालवू नका, टाईमस्टॅम्प (पॅकेटवरचा वेळेचा शिक्का) हार्डवेअरमध्येच पडायला हवा, सरळ केबल टाका.

आणि बसवून झालं की राउटरचा प्लग काढा, बोर्डाची लाईट घालवून परत द्या, सीरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवर बोर्डाचा लॉग दाखवणारी खिडकी) पहिली ओळ कुठला टाईम छापते ते बघा. मोटरची वायर त्यानंतरच जोडा.