काळी एक आणि काळी चार: युरोपातलं जुनं समूहगान बसवताना

मुंबईतल्या गाण्याच्या क्लासात ही अडचण रोजचीच. पुरुषांचा सा काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी), बायकांचा काळी चार (चौथी); एकत्र गायचं तर कोणाच्या पट्टीत? मध्ययुगीन युरोपात याच अंतराचं गाणं झालं. काळी एक ते काळी चार म्हणजे नेमका षड्ज-पंचम. दोघांनी आपापल्या पट्टीत एकच चाल एकदम म्हटली की झाला ‘ऑर्गनम’. त्याचे नियम नवव्या शतकातल्या लॅटिन ग्रंथात लिहिलेले सापडतात.

चार ते सहा गळे पुरेत. चाल घ्यावी ‘उत क्वेआंत लाक्सिस’. हे संत योहानाचं स्तोत्र ग्विदो दारेत्सो या भिक्षूने अकराव्या शतकात मुलांना स्वर शिकवायला वापरलं. पहिले सहा तुकडे क्रमाने सा, रे, ग, म, प, ध वर सुरू होतात, अगदी अलंकारासारखे. उत-रे-मी-फा-सोल-ला ही नावं त्यांच्याच पहिल्या अक्षरांतून आली. पहिले दोन तुकडे असे:

उत क्वे-आंत लाक्-सिस: सा रे म रेग रे
रे-सो-ना-रे फी-ब्रिस: रे रे सा रे ग ग

चालीत नी कुठेच नाही, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. नी असता तर बायकांचा नी हा पुरुषांचा तीव्र म झाला असता आणि पुरुषांच्या शुद्ध म शी भांडला असता.

आधी सगळ्यांनी एकाच पट्टीत, ताल न धरता, प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देत म्हणावं. मांडीवर हात पडू लागला तर थांबवा. रे वरून म वर जाताना मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघतेच. ती काढून टाकायला दिवस लागतात, पण काढावीच लागते. दोन आवाज समांतर चालताना एकाने मींड घेतली की तेवढ्यापुरता पंचम फाटतो, आणि तो लगेच कानाला टोचतो.

मग फोड करा. तंबोरा काळी एकला, पहिली तार पंचमात. पुरुष सा घेतील, बायका त्या पंचमालाच आपला सा मानतील. सूर मिळाला की तंबोरा बंद. ही चाल सा वर नाही, रे वर विसावते. तंबोरा वाजत राहिला तर शेवट अधांतरी लटकतो. पहिल्या दिवशी बायका तिसऱ्या तुकड्यापर्यंत पुरुषांच्या सुरात घसरतात. त्यांच्याकडून ओळ आधी एकट्याने तीनदा म्हणवून घ्या. पुरुषांनी फक्त खालचा सा आकारात धरावा.

पेटी नकोच. तिचा पंचम चालून जाईल, पण शुद्ध ग तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा, म्हणजे तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या ग पेक्षा, सुमारे 14 सेंट (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर 100 सेंट) चढा असतो. इथे गंमत आहे. साधारण 1200 च्या सुमाराला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पेरोतँ हा संगीतकार तीन-चार आवाजांच्या रचना करत होता. त्या काळचा ग पायथागोरसच्या हिशेबाचा, म्हणजे स्वयंभू गंधाराहून 22 सेंट, आपल्या भाषेत एक प्रमाणश्रुती चढा. असा ग टिकून ऐकवत नाही, म्हणून त्या रचना शेवटी सा-प वर येऊन थांबतात. सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रिना या संगीतकारापर्यंत ग हा विसाव्याचा स्वर झालेला असतो. तिथे आपला तंबोऱ्याचा गंधार चपखल बसतो. एकच ग दोन्हीकडे लावू नका.

वाद्यं घ्यायची तर 1589 च्या ‘ऑर्केसोग्राफी’ या नृत्यग्रंथातला चार आवाजांचा पावान (संथ चालीचा नाच) घ्या. त्यातला ढोल अखेरपर्यंत एकच चाल धरतो: एक लांब, दोन छोटे. डफ चालेल. हात सवयीने केरव्याकडे वळतो, तेवढं सांभाळा.

वरच्या ओळीला प्लास्टिकचा रेकॉर्डर (उभी धरून फुंकायची युरोपीय बासरी) पुरतो. विकत घेताना ‘बरोक’ बोटांचाच, म्हणजे त्या पद्धतीने भोकं झाकायचा, मागा. ‘जर्मन’ प्रकारात एक सूर सोपा होतो आणि दुसरे काही कायम बेसूर राहतात. एसीच्या खोलीत गार रेकॉर्डर उतरा वाजतो आणि फुंकेच्या फटीत पाणी साचून आवाज घोगरा होतो. सुरुवातीआधी पाच मिनिटं काखेत धरून ठेवा.