चौरस फुटाच्या भावावर जाऊ नका: बेळगाव भागात घर बांधताना या चुका टाळा

आपल्याकडं घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: चौरस फुटाला काय भाव पडला? पुढची तीस वर्षं रंग, गळती आणि वीजबिल यांवर किती जाणार, हे कुणी विचारत नाही. कंत्राटदार सांगणार नाहीच. त्याचा हिशेब चावी हातात दिली की संपतो.

माझ्या मते बेळगाव-खानापूर पट्ट्यात विजेपेक्षा ओल जास्त पैसे खाते. पावसाची झड पश्चिम आणि नैऋत्येकडून बसते आणि नेमके त्याच बाजूचे छज्जे आखूड ठेवून पैसे वाचवलेले असतात. मग दर दिवाळीला आतून पुट्टी, रंग आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. आधी ओल कुठली ते बघा. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. एक-दोन दिवसांनी कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला दिसले तर खोलीतली हवा कोंडलीय, खिडक्या उघडा. पहिल्या प्रकारात बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा बुजवल्याशिवाय आत ब्रश लावू नका. हे काम मार्च-एप्रिलमधलं, मिरगाच्या तोंडावरचं नव्हे.

उन्हाळ्यात रात्री दहाला बाहेर गार वारं आणि वरच्या मजल्यावर घामाच्या धारा, हा दोष स्लॅबचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. लोक थेट एसी आणतात. त्याआधी गच्चीला पांढरा परावर्तक लेप द्या, किंवा चारी बाजूंनी मोकळं पत्र्याचं शेड घाला. ते पाऊसही अडवतं. फक्त शेडच्या आधी सोलरची जागा ठरवा, नाहीतर पुन्हा पत्रे कापायची वेळ येते.

आता गृहज्योती, म्हणजे महिन्याला 200 युनिटांपर्यंत घरगुती वीज फुकट देणारी कर्नाटक सरकारची योजना. 'वीज फुकटच आहे, मग महागडे पंखे कशाला?' हे रोज ऐकू येतं. पण सवलत घराच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरते, सगळ्यांना सरसकट 200 युनिट नाहीत. नव्या घराला तर जुना वापरच नसतो. शिवाय एखाद्या महिन्यात 200 ओलांडले की हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल पूर्ण भरावं लागतं. जुना पंखा 75 वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा साधारण 30 चा. रोज दहा तास चालणारे चार पंखे बदलले तर महिन्याला 54 युनिट वाचतात. एप्रिल-मेमध्ये 230 वर जाणारं घर तेवढ्यानं 176 वर येतं.

गिझरचंही तसंच. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जेमतेम अर्धा युनिट लागतो. चौघांच्या आंघोळीचे महिन्याला साठ. सोलर हीटर हे वाचवतो, पण टाकी एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला ठेवलं तर बादलीभर थंड पाणी आधी सोडावं लागतं. पाइप जवळून न्या, त्यावर उष्णतारोधक आवरण चढवा. खानापूरकडं आषाढात ऊन दिसत नाही, तिथं बंबाची जागा मोडू नका. अथणीकडं बोअरचं पाणी जड असेल तर गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात. पाणी तापायला उशीर लागू लागला की मिस्त्रीला बोलवून कॉइल साफ करून घ्या, नवा गिझर घ्यायची घाई नको.