रीफर गाडी चालू कशी करावी आणि तापमान कसं धरावं

रीफर म्हणजे माल थंड ठेवणारी बंद डब्याची गाडी, आणि डबा थंड करणारं तिचं यंत्र म्हणजे युनिट. माल भरायच्या निदान तासभर आधी हे युनिट चालू करा. मे महिन्यात वाशीच्या फळबाजाराबाहेर उन्हात उभी असलेली रिकामी गाडी आतून भट्टीसारखी तापलेली असते. भिंतींतला फोम, जमिनीचा पत्रा, सगळं ती उष्णता धरून बसलेलं असतं. अशा डब्यात थंड पेट्या लावल्या की डब्याची उष्णता पेट्यांत शिरते. रीफरचं युनिट थंड माल थंड ठेवण्यासाठी बनवलेलं असतं, गरम माल थंड करण्यासाठी नाही. गाडी भाड्याने घेणाऱ्या बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि निम्मं नुकसान तिथेच होतं.

स्विचला हात लावण्याआधी डिझेल, ऑइल, पट्टा आणि बॅटरी बघा. मग दाराचं रबर तपासा. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर त्या फटीतून थंडावा जाणारच. डब्यातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या तुंबलेल्या नाहीत ना, हेही बघून घ्या.

आता चालू करणं. मुंबईत फिरणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांत कंप्रेसर गाडीच्याच इंजिनावर पट्ट्याने चालतो. आधी गाडी, मग केबिनमधला स्विच, एवढंच. पण साकीनाक्याला अर्धा तास अडकलात तर इंजिन मंद चालतं आणि थंडावाही कमी पडतो, म्हणून अशा गाडीचा रस्ता आणि वेळ जपून ठरवा. मोठ्या गाड्यांच्या युनिटला स्वतःचं डिझेल इंजिन असतं. स्विच टाकला की डिस्प्ले उजळतो, कंट्रोलर स्वतःची तपासणी करतो, मग ग्लो प्लग, म्हणजे डिझेल इंजिन सुरू होण्याआधी ते आतून तापवणारे प्लग, तापतात. काही सेकंद काहीच घडत नाही असं वाटतं. बझर वाजतो आणि इंजिन आपोआप सुरू होतं. त्या काही सेकंदांत घाई करून स्विच बंद-चालू करू नका. इंजिन सुरू झालंच नाही तर कंट्रोलर ठरावीक प्रयत्न करून अलार्म देतो. तो कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, मेकॅनिकचं निम्मं काम तिथेच होतं. आणि ऑटोवर ठेवलेलं युनिट कधीही सुरू होऊ शकतं, म्हणून स्विच पूर्ण बंद केल्याशिवाय पट्ट्यापाशी हात नेऊ नका.

रात्रभर गाडी गाळ्यासमोर उभी ठेवायची असेल आणि स्टँडबायची, म्हणजे युनिट विजेवर चालवायची सोय असेल तर थ्री-फेज प्लग लावून मोटरवर चालवा. फेज उलटे लागले तर मोटर उलटी फिरते. ज्या युनिटमध्ये हे आपोआप सुधारलं जात नाही, तिथे लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुढे सेटपॉइंट, म्हणजे डब्यात धरायचं तापमान. डिस्प्ले सेल्सिअसवर आहे ना, हे आधी बघा. हापूसला साधारण १२ ते १३ अंश, केळ्यांना १३ ते १४, द्राक्षांना शून्याच्या आसपास आणि गोठवलेल्या मालाला उणे १८ किंवा त्याहून खाली.

आकडा खाली ओढला की माल लवकर थंड होतो, हा समज फार घट्ट बसलेला आहे. डबा गरम असताना युनिट आधीच पूर्ण जोरात चालत असतं. सेटपॉइंट १३ असो वा ४, वेग तोच. फरक एवढाच की ४ लावलं तर युनिट १३ वर थांबत नाही. एका हंगामात माझ्या पेट्या आल्या तेव्हा दिसायला ठीक होत्या. दोन दिवसांनी सालीवर करडे डाग पडले आणि फळ पिकेचना. ड्रायव्हरने गर्दीत उशीर होईल म्हणून काळजीपोटी ४ अंश लावले होते. त्या पोराचा हेतू चांगला होता, पण आंब्याला थंडीची इजा झाली ती झालीच. तेव्हापासून सेटपॉइंट लिहिलेली चिठ्ठी मी स्वतः डिस्प्लेशेजारी चिकटवतो.

आकडा गाठत आला की इंजिन जास्त वेगावरून कमी वेगावर येतं. पुढे दोन रीती आहेत. कंटिन्यूअसवर ते बंद होत नाही. डबा जास्त थंड व्हायला लागला तर कंप्रेसरमधून निघणारा गरम गॅस आतल्या कॉइलमधून, म्हणजे एरवी हवा थंड करणाऱ्या नळ्यांमधून, फिरवून किंचित ऊब देतं. स्टार्ट-स्टॉपवर इंजिन थांबतं आणि तापमान सरकलं की पुन्हा सुरू होतं. त्यात डिझेल वाचतं, गोठवलेल्या मालाला ते चालतं. ताजी फळं-भाजी मात्र श्वास घेत असते, स्वतः उष्णता सोडत असते. तिला हवा सतत फिरती लागते, म्हणून तिथे कंटिन्यूअसच ठेवा.

भरताना दार उघडण्याआधी युनिट बंद करा. चालू ठेवलं तर पंखा मुंबईची दमट हवा आत ओढतो, तिच्यातला ओलावा कॉइलवर बसून बर्फ होतो आणि मग हवाच पुढे जात नाही. पावसाळ्यात तर दहा मिनिटांत कॉइल पांढरी झालेली मी पाहिली आहे. पेट्या छताला टेकवू नका, मागच्या दाराशी आणि पुढच्या भिंतीशी फट सोडा. थंड हवा वरून मागे जाते आणि खालून परत येते. ती वाट अडली तर मधल्या पेट्या गरमच राहतात आणि डिस्प्ले मात्र १३ दाखवत राहतो.

वाटेत आकडा अचानक चढलेला दिसला तर घाबरू नका, बहुधा डीफ्रॉस्ट चालू असतो. कॉइल तापवून बर्फ वितळवला जातो, मग थंड करणं आपोआप सुरू होतं. अर्ध्या-पाऊण तासात आकडा उतरला नाही तर मात्र गाडी बाजूला घ्या.

डिस्प्ले सांगतो ते हवेचं तापमान असतं, मालाचं नाही. म्हणून उतरवताना सुईचा थर्मामीटर जवळ ठेवा. दाराजवळच्या, मधल्या आणि पुढच्या भिंतीजवळच्या एकेका पेटीतून एक फळ काढा, सुई गरात कोयीपर्यंत न्या, आकडा थांबेपर्यंत धरा आणि तिन्ही आकडे माल उतरवून घेणाऱ्याच्या समोर पावतीवर लिहा.