लिहिण्याआधी गोष्ट सांगून बघा

कथा सुचली की बरेच जण थेट पहिलं वाक्य शोधायला बसतात. त्याआधी ती कुणाला तरी तोंडी सांगा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी आपल्या कथा गावोगावी कथाकथनातून ऐकवल्या. समोरचा श्रोता कंटाळला की लगेच कळतं, कागदावर ते कळत नाही.

सांगण्याआधी एक गोष्ट पक्की करा: कुणाला काय हवंय आणि ते का मिळत नाहीये? हे एका वाक्यात येत नसेल तर तुमच्याकडे अजून फक्त प्रसंग आहे. मग पाच मिनिटांत गोष्ट सांगा. ऐकणाऱ्याने 'मग?' कुठे विचारलं, कुठे मोबाईल हातात घेतला, ते लक्षात ठेवा. घरात ऐकायला कुणी नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका.

आता लिहा. जिथे 'मग?' आलं होतं तिथे सविस्तर प्रसंग रंगवा, बाकीचं दोन ओळींत उरका. नवीन लेखक नेमकं उलटं करतात. नायकाचं बालपण दोन पानं चालतं आणि भांडण एका वाक्यात संपतं.

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या: भावनेचं नाव घेऊ नका, ती कृतीत आणि बोलण्यात दिसू द्या. 'जमिनीच्या वाटणीमुळे सुमन भावापासून मनाने दुरावली होती' हे वाक्य माहिती देऊन मोकळं होतं. त्याऐवजी हे वाचा:

सुमनने सात-बाराचा उतारा घडी करून पर्समध्ये ठेवला.
'चहा टाकायला सांगू का, ताई?'
'नको रे, एसटी चुकेल.'
एसटीला अजून दीड तास होता.

दुरावा हा शब्द कुठेच नाही, तरी तो जाणवतो. शेवटच्या ओळीने हे साधलंय. सुमन खोटं बोलतेय हे वाचकाने स्वतः ओळखलं, म्हणून तो गुंततो. त्यापुढे 'तिला तिथे थांबवेना' असं लिहिलंत तर सगळा परिणाम जाईल. हा मोह फार होतो, आवरा.

संवाद मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर वाक्य पुस्तकी झालंय. विदर्भातली आजी आणि पुण्यातला नातू एकाच प्रमाणभाषेत बोलत असतील तर दोघांपैकी एक तरी खोटा वाटेल. मात्र बोली ऐकलेली असेल तरच वापरा.

मसुदा आठवडाभर बाजूला ठेवा. मग पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. पुष्कळदा कथा तिथेच सुरू होते.

शेवटी दोन-तीन वाचकांना द्या. 'कशी वाटली?' विचारलंत तर 'छान' एवढंच ऐकायला मिळेल. 'कुठे थांबलात? कोणतं पात्र आठवत नाही?' असं विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे नक्की गडबड आहे. त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही, पण ती जागा पुन्हा लिहा.