नवा संच आला: घरच्या क्यूबमध्ये काय घ्यावं, काय सोडावं

माझ्याकडच्या खोक्यात मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची ३६० कार्डं आहेत. सगळी कॉमन, म्हणजे सर्रास सापडणारी, आणि एकही दोनदा नाही. आठ भिडू जमले की पत्ते पिसून पंधरा-पंधराची पाकिटं करायची आणि प्रत्येकाला तीन द्यायची. पंचेचाळीस आठे तीनशे साठ, खोका रिकामा. पाकिटातलं एक कार्ड ठेवायचं, उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची. असं करत (याला ड्राफ्ट म्हणतात) ४५ कार्डं गोळा झाली की त्यातली तेवीसेक निवडायची, सतरा साधी लँड (यांच्यातून माना, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायचा खर्च, मिळतात) घालायची आणि चाळीस पत्त्यांचा डेक घेऊन खेळायला बसायचं. दुकानातली पाकिटं दर वेळी फोडावी लागत नाहीत, एकदा जमवलेला खोका वर्षानुवर्षं पुरतो. याला क्यूब म्हणतात, आणि फक्त कॉमन कार्डांचा असेल तर पॉपर क्यूब.

प्रश्न येतो तो नवा संच, म्हणजे कंपनीने एकदम काढलेली नवी कार्डं, निघाल्यावर. २०२५ या एका वर्षात स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारात चालणारे सहा संच आले. प्रत्येकातलं थोडं थोडं घ्यायचं म्हटलं तरी खोक्याचा चेहरामोहरा बदलून जातो. आणि क्यूबचा चेहरा ओळखीचा असणं यातच तर मजा आहे. तेव्हा कार्ड निवडण्याची माझी रीत इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं बहुतेक ब्लूमबरो या संचाची आहेत. तो २ ऑगस्ट २०२४ ला आला, त्यात उंदीर, ससे, बेडूक, वटवाघळं असे प्राणी आहेत, आणि क्यूबवाल्याला शिकवण्यासारखं त्यात खूप आहे.

१. आधी जाणाऱ्यांची यादी

नव्या संचाकडे बघण्याआधी आपला खोका बघा. खोक्यात जागा ३६०च आहेत. एक आत आलं की एक बाहेर जाणार. म्हणून कोण जाणार हे अगोदर ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर नव्याच्या ओढीने चांगलं जुनं कार्ड सहज निघून जातं.

यासाठी मी एक वही ठेवली आहे. ड्राफ्ट संपला की प्रत्येकाच्या डेकमध्ये न गेलेली कार्डं एकत्र करायची आणि त्यांची नावं लिहायची. पाकिटात शेवटी उरलेलं, कुणीच मनापासून न उचललेलं कार्ड असेल तर त्यापुढे फुली. तीन फुल्या पडल्या की ते कार्ड जाणाऱ्यांच्या यादीत. भिडूंना विचारून हे कळत नाही, कारण प्रत्येकाला आपला जिंकलेला डावच आठवतो. वही सगळे डाव लक्षात ठेवते.

जागांची वाटणीही लिहून ठेवा. माझी अशी आहे: पाच रंगांना प्रत्येकी ५०, दोन-दोन रंगांच्या दहा जोड्यांना प्रत्येकी ४, रंगहीन ३० आणि लँड ४०. लाल कार्ड आलं तर लालच जाईल. दोन मानाचं क्रीचर (लढणारा प्राणी किंवा माणूस असलेलं कार्ड) आलं तर शक्यतो दोन मानाचंच क्रीचर जाईल. हा नियम कडकपणे पाळला नाही तर वर्षभरात सगळा खोका पाच-सहा मानाच्या दिमाखदार कार्डांनी भरतो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत कुणाकडे खेळायला काहीच नसतं.

२. सगळा संच बाहेर येईपर्यंत थांबा

रोज चार-पाच कार्डं उघड होत असताना प्रत्येक कार्ड मोठं वाटतं. पूर्ण यादी लागली की स्क्रायफॉल या शोधस्थळावर जायचं आणि तो संच आणि कॉमन या दोन अटी लावून सगळी कार्डं एका पानावर घ्यायची. फेब्रुवारी २०२४ पासून प्ले बूस्टर ही नव्या प्रकारची पाकिटं आली, तेव्हापासून मोठ्या संचात कॉमन साधारण १०१ वरून ८१ वर आली आहेत. ८१ कार्डं म्हणजे एका संध्याकाळचं काम.

पुनर्मुद्रणांवरही नजर असू द्या. मोनॅस्टरी स्विफ्टस्पीअर २०१४ मध्ये अनकॉमन (कॉमनहून दुर्मिळ) म्हणून आलं होतं. २०२२ च्या डबल मास्टर्समध्ये ते कॉमन झालं आणि पॉपर क्यूबचं दार त्याला उघडलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पॉपर या फक्त कॉमन कार्डांच्या स्पर्धाप्रकारातून त्यावर बंदी आली. पण तिथे एका डेकमध्ये चार प्रती घेता येतात. क्यूबमध्ये एकच असते, त्यामुळे बंदीची यादी जशीच्या तशी आपल्याला लागू करण्याचं कारण नाही.

३. अट अंगठ्याखाली झाका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. संच बनवणारे कार्डं त्या संचासाठी बनवतात. ब्लूमबरोमध्ये दर रंगजोडीला एक प्राणी दिला आहे आणि कितीतरी कार्डांवर 'तुमच्याकडे अमुक प्राणी असेल तर' अशी पुरवणी आहे. आपल्या खोक्यात ते प्राणी नाहीत. म्हणून कार्ड वाचताना ती पुरवणी अंगठ्याने झाकायची आणि उरलेलं कार्ड आपण घेतलं असतं का, हे स्वतःला विचारायचं.

टेक आउट द ट्रॅश हे दोन मानाचं लाल इन्स्टंट (कधीही खेळता येणारं कार्ड) क्रीचरला तीन डॅमेज देतं. रॅकून असेल तर एक पत्ता टाकून नवा ओढता येतो. रॅकूनची ओळ झाकली तरी खाली सणसणीत कार्ड उरतं. सोनार स्ट्राइकचंही तसंच. दोन मानाचं हे पांढरं कार्ड हल्ला करणाऱ्या, अडवणाऱ्या किंवा टॅप झालेल्या (वापरून आडव्या केलेल्या) क्रीचरला चार डॅमेज देतं. वटवाघूळ असेल तर तीन लाइफ मिळतं, नसेल तरी काम झालेलं असतं. दोन्ही पुढच्या पायरीला गेली.

पॉलीवॉलपमध्ये आपलं क्रीचर समोरच्याला आपल्या ताकदीच्या दुप्पट डॅमेज देतं. बेडूक असेल तर खर्च दोन मानाने कमी. बेडूक झाकला की ते चार मानाचं कार्ड होतं. माझ्या खोक्यात रॅबिड बाइट हे जवळपास तेच काम दोन मानात करतं. दुप्पट डॅमेज ऐकायला छान आहे, पण आपलं तीन ताकदीचं क्रीचर समोरचं बहुतेक काही मारतंच. जास्तीचे दोन माना कशासाठी द्यायचे? पॉलीवॉलप बाद.

डॅझलिंग डिनायल हे निळं कार्ड मला अवघड गेलं. दोन मानात समोरच्याचा स्पेल (तो खेळत असलेलं कार्ड) रद्द होतो, पण त्याने आणखी दोन माना भरले तर वाचतो. आपल्याकडे पक्षी असेल तर त्याला चार भरावे लागतात. पांढऱ्या-निळ्या रंगात उडणारी क्रीचर पुष्कळ आहेत, म्हणून पक्षी असतीलच असं मला वाटलं. मग एकेक कार्डाचा प्रकार तपासला. कॉर स्कायफिशर उडतो खरा, पण तो पक्षी नाही, सैनिक आहे. म्युलड्रिफ्टर तर एलिमेंटल. सगळ्या खोक्यात पक्षी निघाले पाच. मना लीक मात्र कसलीही अट न घालता तीन माना मागतं. तेव्हा मना लीक राहिलं. अशा वेळी अंदाजावर विसंबू नका, खोका उघडून मोजा.

४. बांडगुळं ओळखा

काही कार्डं स्वतःच्या मुळांवर उभी नसतात, त्यांना आजूबाजूला आपल्या जातीची झाडं लागतात. २०२३ च्या फायरेक्सिया: ऑल विल बी वन या संचात टॉक्सिक ही क्षमता होती. प्रतिस्पर्ध्यावर दहा विषखुणा चढल्या की तो हरतो. मला ती फार आवडली आणि मी एकदम नऊ टॉक्सिक कार्डं आत घातली. त्या आठवड्यात आम्ही चौघेच होतो. चौघांचा ड्राफ्ट म्हणजे १८० कार्डं, खोक्याचा अर्धा भाग. नऊपैकी पाच आली आणि दोघांनी वाटून घेतली. एकाचे दोन डाव समोरच्यावर सहा-सात विषखुणा चढवून संपले आणि त्या खुणांचा काडीचाही उपयोग झाला नाही. सगळी संध्याकाळ त्याचा डेक अर्धवट राहिला, आणि ती चूक त्याची नव्हती. खोका माझा होता.

तेव्हापासून मी हिशेब करतो. चौघांच्या ड्राफ्टमध्ये एखादं ठराविक कार्ड येण्याची शक्यता निम्मी. ठराविक दोन कार्डं एकत्र येण्याची शक्यता साधारण पाव. ती दोन्ही एकाच भिडूच्या हाती लागण्याची त्याहून खूप कमी. म्हणून 'याच्या जोडीला ते आलं की काय बहार येईल' हा विचार क्यूबमध्ये फार टिकत नाही. जोडी हवीच असेल तर दोन्ही बाजूंची सहा-सहा, सात-सात कार्डं असली पाहिजेत. माझ्या लाल-काळ्या जोडीत बळी देणारी आणि बळी जायला राजी असणारी कार्डं भरपूर आहेत, म्हणून तिथे नवं सोबती कार्ड सुखाने घेता येतं.

एकेक प्रत असण्याचाही परिणाम बघा. स्क्वॉड्रन हॉक आला की आपल्याच नावाचे आणखी तीन हॉक डेकमधून हातात आणतो. एकच प्रत असलेल्या खोक्यात तो दोन मानाचा एक-एकचा (ताकद एक, टिकाव एक) उडता पक्षी, बस.

५. टेबलावरचा बोजा

कार्ड कितीही चांगलं असलं तरी ते आठवणीवर किती भार टाकतं हे पाहा. २०२१ च्या मिडनाइट हंटमधलं दिवस-रात्र प्रकरण एकदा सुरू झालं की डाव संपेपर्यंत मोजत बसावं लागतं, आणि ती कार्डं दोन्ही बाजूंनी छापलेली असल्याने अपारदर्शक स्लीव्ह (कार्डाची प्लास्टिकची कव्हरं) लागतात. एका कार्डासाठी हे सगळं? मी घेत नाही. साधे टोकन (कार्डाऐवजी मांडायच्या खुणा) मात्र चालतात. आमच्याकडे सशांच्या जागी कवड्या असतात.

६. आता समोरासमोर बसवा

इथवर ८१ पैकी दहा-बारा उरतात. प्रत्येकासमोर पहिल्या यादीतलं त्याच जागेचं कार्ड ठेवा. खोक्यातल्या सगळ्यात चांगल्या कार्डाशी तुलना केली तर काहीच आत येणार नाही. तुलना जाणाऱ्याशी करायची.

स्टीमपाथ चार्जर हा दोन मानाचा लाल सरडा, दोन-एकचा, आल्याआल्या हल्ला करणारा. मरताना एका खेळाडूला एक डॅमेज देतो. वर दोन माना जास्त भरले तर त्याचंच एक-एकचं पिल्लू टोकन म्हणून मिळतं, तेही तसंच धावतं आणि तसंच चटका देऊन जातं. सुरुवातीला मला तो केल्डन मरॉडर्सच्या जागी घालावासा वाटला. मरॉडर्स दोन मानात तीन-तीनचे येतात, एक डॅमेज देतात, एकदा हल्ला करतात आणि जाताना आणखी एक देतात. कुणी अडवलं नाही तर पाच डॅमेज. पण सातव्या फेरीला हातात आले तर समोर मोठी क्रीचर उभी असतात आणि जेमतेम दोनच डॅमेज पदरात पडतं. चार्जर दुसऱ्या फेरीला कामाचा आणि सातव्यालाही कामाचा, शिवाय बळी द्यायला दोन शरीरं. म्हणजे चार्जर सरस. तरीही मरॉडर्सना काढलं नाही. वहीत त्यांच्यापुढे एकही फुली नव्हती, लाल खेळणारा प्रत्येक जण त्यांना उचलतो. फुल्या होत्या त्या दुसऱ्याच एका, काहीच क्षमता नसलेल्या दोन-एकच्या गोब्लिनपुढे. तो गेला.

कॅरट केक तीन मानाचा. आला की एक ससा, खाल्ला की दुसरा ससा आणि तीन लाइफ. मी कॉर स्कायफिशरमुळे घेतला. स्कायफिशर येताना आपलंच एक कार्ड हातात परत घ्यावं लागतं. केक परत घ्या, पुन्हा मांडा, आणखी एक ससा. खोक्यात आधीच असलेलं कार्ड नव्यामुळे जास्त कामाचं झालं, तर त्या नव्याला मी एक गुण जादा देतो.

७. कागदावर खेळून बघा

नव्याचे नऊ दिवस असतात, ते कागदावर घालवा. चिठ्ठीवर नाव, खर्च आणि मजकूर लिहायचा, स्लीव्हमध्ये एखाद्या साध्या लँडच्या पुढे सरकवायची. घरच्या खेळाला हे पुरतं, स्पर्धेत चालत नाही. मी प्रत्येक नव्या कार्डाला तीन ड्राफ्ट देतो. कुणी लवकर उचललं का, डेकमध्ये गेलं का, आणि हातात आलं तेव्हा त्याने काही केलं का, एवढंच वहीत लिहितो. एका संचातून सात-आठपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत, नाहीतर कोणामुळे काय बदललं ते उमगत नाही.

८. मग खरेदी

कॉमन कार्ड मिळवण्यासाठी सीलबंद पाकिटं फोडू नका. प्ले बूस्टरमध्ये कार्डं चौदा, आणि आपल्याला हवं ते त्यात निघेलच असं नाही. सुटी कॉमन मुळात स्वस्त, पण एकेक मागवलं तर पाठवणावळ कार्डाहून महाग पडते. संच आल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर थांबाच. मी यादी साठवून वर्षातून दोनदा मागवतो. दिवाळीला अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेत पन्नास कार्डं सहज मावतात.

कार्डं आली की चिठ्ठ्या काढायच्या आणि वहीत तारीख घालून 'आत' आणि 'बाहेर' अशा दोन नोंदी करायच्या. क्यूबकोब्रा या संकेतस्थळावर यादी ठेवली तर हे आपोआप होतं. बाहेर गेलेली कार्डं विकू नका, वेगळ्या डबीत रंगवार लावून ठेवा. ब्लूमबरोनंतर चार महिन्यांनी बळी देणारी कार्डं वाढली, तेव्हा त्याच डबीतून तीन जुनी काळी कार्डं परत आत आली आणि त्यांच्यासाठी एक पैसाही लागला नाही.